दरीचं पान

लार्च बेंड, ९ मार्च

सेन्या,

तुझा कॅल्गरीचा पत्ता मावराकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. चुलत बहीण असूनही ती द्यायला तयारच नव्हती. "लुशा, तुमच्या बहीण-भावाच्या भांडणात मला ओढू नका," असं तीनदा म्हणाली. मी तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले, तिचा बोर्श दोनदा वाढून घेतला, आणि शेवटी तिने पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला. ईमेलचं दार तू लावून घेतलं आहेस, फोन उचलत नाहीस. पोस्टमनला तरी दारातून परत पाठवणार नाहीस, एवढ्या आशेवर हा कागद.

तुमचं पोर्चलाइट ॲप बंद झालं. हे तुला माझ्या आधी कळलं असणार, तू तिथेच होतास. मावरा म्हणते तुझी नोकरीही गेली. मी टोमणा मारायला लिहीत नाहीये. बाबांचं साप्ताहिक छापणं थांबवून सगळ्या बातम्या त्या ॲपमध्ये न्यायच्या, हे तुझं म्हणणं मी कधी मानलं नाही, पण ते वादही आता शिळे झाले. मला फक्त इतकंच सांगायचं आहे की एका सकाळी मी ते उघडलं, तर समोर 'आपल्या सोबतीबद्दल आभार' एवढंच होतं. आपण तिथे घातलेलं सगळं गेलं. लग्नं, बारशी, पूर आला तेव्हाचे फोटो, शाळा बंद पडली त्याची बातमी. आईच्या निधनाची सूचनाही.

मी तुमच्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं, 'मजकूर उपलब्ध नाही.' कोणाचा मजकूर, ते त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून मी पुन्हा सुरुवात केली आहे. एक साधं पान. वेबच्या उघड्या, सगळ्यांच्या मालकीच्या भाषेत लिहिलेलं, तूच मला शिकवली होतीस ती. खातं नको, पासवर्ड नको, ॲप नको. जुन्या फोनवर उघडतं, वाचनालयातल्या त्या खोकणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडतं, छापलं तर कागदावर नीट बसतं. जे नवीन ते वर, जुनं ते खाली, आणि सगळ्यांना तेच. दिसायला अगदी गरीब आहे. तू हसशील.

मी ठीक आहे. बर्फ अजून अंगणात आहे.

लुशा


लार्च बेंड, २ मे

सेन्या,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

पानाचं नाव मी काही ठेवलं नव्हतं. लोक त्याला 'दरीचं पान' म्हणायला लागले, तेच राहिलं. फ्लोरेन्स दर शुक्रवारी ते छापून दुकानाच्या दारावर लावते, कारण नदीपलीकडच्या म्हाताऱ्यांना पडद्यावर वाचवत नाही. नेल्सन गावच्या रेडिओवाल्याने काहीतरी जोडणी केली आहे. मी इथे नवी ओळ घातली की त्याच्याकडे आपोआप पोचते आणि तो ती वाचतो. मी त्याला कधी भेटलेली नाही. माझीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मी स्वयंपाकघरात उगीचच सरळ बसते.

आणि वासिलआजोबा. तू गेलास तेव्हा त्यांना एका डोळ्याने थोडं दिसत होतं. आता काहीच दिसत नाही. त्यांच्या नातीने त्यांच्या फोनला वाचायला शिकवलं आहे. पान उघडलं की तो बायकी आवाजात धडाधडा वाचत सुटतो. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

"लुशा, तुझं यंत्र मला म्हणतं, 'फोटो'. पुढे गप्प. कसला फोटो?"

"फ्लोरेन्सचा, आजोबा. गेल्या हंगामात तिच्याकडे मोठी झुकिनी आली होती ना."

"मग तसं लिही की! डोळसांना फोटो आणि आम्हाला नुसता शब्द?"

मी लिहिलं: 'फ्लोरेन्स दुकानात उभी, हातात तिच्या दंडाएवढी झुकिनी.' अर्ध्या तासात पुन्हा फोन.

"दंडाएवढी म्हणजे मोठी की लहान? फ्लोरेन्सचा दंड मी कधी पाहिला नाही, आणि या वयात पाहायला मागणं बरं दिसत नाही."

मी इतकी हसले की मला खुर्ची धरावी लागली. मग लक्षात आलं, घरात बऱ्याच दिवसांनी आवाज झाला होता.

आता मी प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते लिहिते. जुने फोटोही घेतले आहेत. बाबांच्या काळचे अंक वाचनालयात आहेत, ते एकेक करून टाइप करते. पोर्चलाइटमध्ये गेलेलं मात्र कुठेच नाही. ते लोकांना विचारून, त्यांच्या आठवणीतून, जमेल तसं. पोपोव्हांच्या जुळ्यांत आधी कोण जन्मलं यावरून त्यांच्याच घरी भांडण झालं.

आईची सूचना मी पुन्हा लिहिली. तशीच लिहिली की नाही, ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

लुशा


लार्च बेंड, २१ जून

सेन्या,

आज आईचा स्मृतिदिन. दफनभूमीत आम्ही सातआठ जण होतो. स्तोत्रं म्हटली. मावराचा आवाज अजून वर चढतो, बाकीच्यांचा नाही. नंतर सभागृहात सारण भरलेल्या पिराही केल्या होत्या, बटाट्याच्या आणि वाटाण्याच्या. दोन तुझ्या वाटणीच्या असं मावरा म्हणाली आणि स्वतःच खाल्ल्या.

तू उशिरा पोचलास त्या दिवसाबद्दल आपण कधी धड बोललो नाही. तू ओरडलास आणि गेलास. मी तुला कळवलं नाही असं तू सगळ्यांसमोर म्हणालास. सेन्या, मी तुझ्या कचेरीत फोन केला होता, तिथल्या मुलीने निरोप लिहून घेतला. तुझ्या घरच्या फोनवर निरोप ठेवायला गेले, त्याची निरोपांची पेटी भरलेली होती. आणि पोर्चलाइटवर सूचना टाकली, ती तर तुझ्यासाठीच टाकली होती. मला वाटलं, जो माणूस दिवसभर त्याच्यातच बसतो त्याच्यापुढे ती सर्वांत आधी येईल. दरीतल्या कोणाला सांगायची गरजच नव्हती, ते सगळे दारात उभे होते. तुला ती मातीनंतर दिसली. का, ते मला आजही माहीत नाही. मी एवढंच पाहिलं की तू कबरीजवळ आलास तेव्हा माती ओली नव्हती.

एवढं पुरे. हे मी लिहिणार नव्हते.

इकडे खूप कोरडं आहे. मे महिन्यापासून पाऊस नाही. नदी इतकी खाली गेली आहे की फेरीबोटीला काठावर लागताना खरवडल्याचा आवाज येतो.

एक सांगते, हसू नकोस. संध्याकाळी जेवताना मी यंत्राला पान वाचायला लावते. वासिलआजोबांच्या फोनमधलाच तो आवाज माझ्या यंत्रातही आहे. कारण असं की कुठे चूक राहिली असेल तर कानाला कळते. खरंच कळते. पण चुका सापडून झाल्यावरही मी तो बंद करत नाही.

कोण वाचतं हे मला कळत नाही. मोजायची सोय आहे, मी ती ठेवली नाही. तुमच्याकडे सगळंच मोजायचे ना. मी सकाळी लिहिते, बाहेर सोडते, आणि मग डोंगराला हाक मारल्यासारखं वाट पाहते. दुपारपर्यंत फ्लोरेन्स काहीतरी बोलते. कधी कधी तीही बोलत नाही.

लुशा


लार्च बेंड, ३० जुलै

सेन्या,

घाईत लिहिते आहे. पश्चिमेच्या कड्यामागे आग लागली आहे. आज चौथा दिवस असावा, धुरामुळे दिवस नीट मोजले जात नाहीत. सूर्य संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पटांगणात राख पडते, बारीक, हलकी, कपड्यांवर बसली की झटकायचीही भीती वाटते.

मी पान दिवसातून पुन्हा पुन्हा बदलते आहे. कुठला रस्ता चालू, कुठला बंद, फेरी कधी थांबणार, गुरं कोणाच्या कुरणात न्यायची. वन खात्याची पत्रकं येतात, ती नकाशांनी भरलेली असतात आणि आमच्या सिग्नलवर उघडतच नाहीत. मी ती साध्या वाक्यांत लिहिते. 'नदीच्या डाव्या काठाला असाल तर आज जा. उद्याची वाट पाहू नका.' लाकूडतोडीवरच्या माणसांकडे डोंगरात जेमतेम एक रेघ सिग्नल असतो, त्यावरही एवढं उतरतं.

फेरीवरचा मॅक आत्ता येऊन गेला.

"लुशाबाई, तुम्ही सगळ्यांना जा म्हणून लिहिता. तुमची गाडी कुठे भरलेली दिसत नाही ती?"

"मी शेवटी निघेन. पान माझ्या तळघरातल्या यंत्रावर आहे. मी गेले आणि वीज गेली तर ते चालू कोण करणार?"

"आणि तुम्ही गेलात तर ते लिहिणार कोण?" म्हणाला आणि टोपी घालून गेला.

कपडे भरले आहेत. आईची शाल घेतली आहे. हे पत्र मॅककडे देते, तो पलीकडे टाकेल.

लुशा


ग्रँड फोर्क्स, ६ ऑगस्ट

सेन्या,

तुला यातलं शेवटचं तेवढं माहीत आहे. तरीही लिहिते, कारण फोनवर मी काहीच सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस.

शनिवारी दुपारी वीज गेली. पंखे थांबले, आणि खालून यंत्राची ती बारीक घरघर थांबली. मला कळलं, पान विझलं. सगळी दरी रस्त्यावर आणि सांगणारं कोणी नाही. मी जिन्यावर बसले. किती वेळ ते माहीत नाही. मग आठवलं, वासिलआजोबांची नात कॅसलगारला अडकली आहे आणि ते एकटे आहेत.

त्यांच्या घरापर्यंत गेले तेव्हा ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. अंगात कोट, हातात काठी, पायाशी पिशवी.

"उशीर केलास, पोरी," म्हणाले.

"मी येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण दुसरं कोण येणार होतं?"

खालचा रस्ता बंद झाला होता. आम्ही लाकडाच्या ट्रकांच्या वरच्या वाटेने निघालो. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, तिथेच राहिला. आजोबांचा जंगलात मेला. दोन्ही बाजूंनी धूर, आणि आजोबा मला बाजूला बसून सांगत होते की इथे वळण आहे, इथे ओढा आहे. त्या वाटेवर त्यांनी तरुणपणी ट्रक चालवला होता. त्यांचा विश्वास होता की वाट अजून तिथेच आहे. ती होती.

सगळी दरी कॅसलगारला गेली आणि आम्ही दोघंच डोंगराच्या या बाजूला ग्रँड फोर्क्सला उतरलो. आम्ही कुठे आहोत हे कोणाला माहीत नव्हतं. इथल्या प्रार्थना सभागृहात खाटा टाकल्या होत्या. आपल्याच रशियन लोकांनी मोठी पातेली चढवली होती. टीना नावाची बाई वाढत होती. तिने विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"लार्च बेंड."

"अगं बाई. तिथलं काय काय गेलं ते पाहिलंत का? तुमच्या दरीचं पान चालू आहे की."

मी म्हटलं, ते शक्य नाही. पान माझ्या तळघरात आहे आणि तळघरात वीज नाही. तिला वाटलं मला धुराने भ्रम झाला आहे. तिने ॲप्रनला हात पुसले आणि फोन माझ्यासमोर धरला. तेच पान. तीच गरीब अक्षरं, तीच मांडणी, फोटोंखाली माझीच वाक्यं, फ्लोरेन्सचा दंडसुद्धा. पत्ता मात्र वेगळा होता, नेल्सनचा रेडिओ तो दिवसभर सांगत होता असं टीना म्हणाली. कोणीतरी सगळं उतरवून घेऊन दुसरीकडे उभं केलं होतं आणि पुढे लिहीत होतं. 'फेरी थांबली आहे. मॅक सुखरूप आहे.' 'दुकान वाचलं.' 'वरच्या आळीतली घरं गेली.' वरच्या आळीत आपलं घर आहे. ते मी तिथे उभ्याउभ्या वाचलं.

मी ती ओळ पुन्हा वाचायला लागले तेव्हा आजोबा म्हणाले, "मला ऐकू दे. मला कोणी काही सांगत नाही."

टीनाने वाचायला लावलं. तो आवाज त्या भल्यामोठ्या खोलीत घुमला. लोक वळून पाहायला लागले. रस्ते झाले, गुरं झाली, पाण्याचं झालं. मग तो म्हणाला:

'लुकेरिया कोंकिन हिचा पत्ता लागत नाही. उंच आहे, करडे केस, बोलताना मान डावीकडे झुकवते. ती बहुधा सर्वांत शेवटी निघाली असेल. कोणाला दिसली तर कृपा करून कळवा. तिचा भाऊ सेमियोन वाट पाहतो आहे.'

आणि पुढे नंबर.

आजोबांनी काठीने माझा पाय चाचपला. "लुशा," म्हणाले, "हे तुझ्याबद्दल बोलतंय."

मी इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली आहेत, सेन्या. जन्मलेल्यांची, गेलेल्यांची, हरवलेल्या कुत्र्यांचीसुद्धा. आपलं नाव त्या आवाजात कसं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. टीनाने खुर्ची आणली. तिने मला विचारलं नाही, नंबर तिनेच लावला.

"हॅलो," तू म्हणालास.

"मी आहे."

तू खुर्ची सरकवलीस. मग म्हणालास, "कुठे?"

"ग्रँड फोर्क्स. वासिलआजोबा आहेत बरोबर."

"पानावर घालू?"

"घाल."

मला कळफलकाचा आवाज ऐकू आला. तू बाबांसारखाच दोन बोटांनी आपटतोस अजून. "घातलं," म्हणालास. आणि फोन ठेवलास. रडायला ठेवलास की कामाला, ते कळलं नाही. टीनाच्या फोनवर त्या ओळीच्या जागी दुसरी आली होती: 'लुकेरिया कोंकिन सापडली.' आजोबांनी ती पाच वेळा वाचून घेतली आणि शेवटी म्हणाले, "मीही हरवलो होतो. माझं कुठे आहे?"

त्यांचं नावही घाल. ते अजून फुगून बसले आहेत.

लुशा


कॅसलगार, १९ सप्टेंबर

सेन्या,

तू येऊन गेलास त्याला आठवडा झाला. मी मावराच्या तळमजल्यावर आहे. खिडकीतून तिचे टोमॅटो आणि लोकांचे पाय दिसतात.

तू आलास हे चांगलं केलंस. दोन दिवसांत तीनदा भांडलास हेही तुझ्या स्वभावाला धरून झालं. पानाच्या प्रती तीन ठिकाणी हव्यात हे तुझं म्हणणं मला पटलं आहे, ते मी तिथे कबूल केलं नाही, इथे करते. त्याला रंग हवा हे मात्र पटलेलं नाही.

आपल्या घराच्या जागी चुलीचा लोखंडी सांगाडा आणि दोन पायऱ्या उरल्या होत्या. आपण त्या पायऱ्यांवर बसलो. तू थर्मास उघडलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "आईची सूचना माझ्यापुढे का आली नाही, माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"कोणापुढे काय आधी दाखवायचं ते ठरवणारा भाग माझ्याकडे होता. ज्या गावाच्या बातम्यांवर माणूस बोट ठेवत नाही, त्या मागे टाकायच्या. मी इथल्या बातम्या कधीच उघडत नव्हतो, लुशा. यंत्राने मला ओळखलं होतं."

मी तुझ्या थर्मासमधला चहा संपवला. तुला वाटलं असेल मी रागावले. मी रागावले नव्हते. इतकी वर्षं हे एकट्याने उचलून फिरत होतास, आणि ओरडलास माझ्यावर, कारण ओरडायला दुसरं माणूसच नव्हतं, हे मनात बसायला वेळ लागत होता.

मग तू म्हणालास की माझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून तू पान रोज वाचत होतास आणि उतरवून ठेवत होतास. "उत्तर का लिहिलं नाहीस?" मी विचारलं. "काय लिहिणार होतो?" तू म्हणालास. गाडीत बसलास आणि गेलास.

घर गेलं, बाबांच्या कागदांचे गठ्ठे गेले, यंत्र गेलं. बाबांचे मी टाइप केलेले अंक तुझ्याकडे आहेत. आईची सूचनाही.

फोन केलास तर उचलेन. नाही केलास तरी चालेल.

लुशा


कॅसलगार, २७ ऑक्टोबर

सेन्या,

तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. आपण फोनची माणसंच नाही बहुधा.

दरीत परत गेलेली घरं थोडी आहेत. फ्लोरेन्सने दुकान उघडलं. मॅकची फेरी चालू आहे. वासिलआजोबा नातीकडे राहतात, त्यांना तिचा स्वयंपाक आवडत नाही आणि ते मला ही बातमी म्हणून छापायला सांगतात. मी संध्याकाळी एकटी जेवते. मावरा वर बोलावते, पण तिची मुलं, नातवंडं, टीव्ही. माझ्या कानांना सवय राहिली नाही. वसंतात परत जाईन असं म्हणते. पायऱ्या तर आहेत.

पान आता आपण दोघं लिहितो. मी सकाळी, तू तिकडून कधीतरी. तुझ्या ओळी मला लगेच ओळखू येतात, त्यांत एक शब्द जास्त नसतो. रस्त्याचं काम, विम्याच्या सभेची वेळ, पाण्याचा अहवाल. पत्राचं उत्तर मात्र अजून नाही, आणि मी आता वाट पाहणं सोडलं आहे असं लिहिणार होते.

पण काल सकाळी पान उघडलं तर सर्वांत वर तुझी एक ओळ होती: 'कॅल्गरीत आज पहिला बर्फ पडला. हळूहळू पडतो आहे. खिडकीतून समोरचं काही दिसत नाही.'

तासाभरात फ्लोरेन्सचा फोन. "लुशा, दरीच्या पानावर कॅल्गरीचा बर्फ कशाला? चुकून आलं का? मी छापताना ते गाळू का?"

मी म्हटलं, "चुकून नाही. राहू दे. दारावर लाव."

लुशा